मूल कोणाच्या मर्जीनं? १९३८ च्या ठरावाची आठवण



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी आपण महाडच्या चवदार तळ्यावर लिहितो, काळाराम मंदिरावर लिहितो, १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेवर लिहितो. लिहायलाच पाहिजे. परंतु आपल्या चळवळीच्या इतिहासात एक पान असं आहे, की जे आपण सभेत उघडत नाही. बायामाणसांसमोर कसं बोलायचं म्हणून पुरुष गप्प बसतात आणि पुरुषांसमोर कसं बोलायचं म्हणून बाया गप्प बसतात. ते पान म्हणजे गरोदरपणाचं, बाळंतपणाचं आणि लेकरं वाढवण्याचं. मूल व्हावं की नाही, किती व्हावीत, कधी व्हावीत आणि झाल्यावर त्याचा भार कोणी वाहायचा, हे ठरवताना नवरा-बायकोत न्याय असावा हा विचार बाबासाहेबांच्या पक्षानं ८० वर्षांहून अधिक काळापूर्वी विधानसभेत मांडला होता. तो इतिहास आम्ही येथे आमच्या अल्पमतीप्रमाणे मांडत आहोत. आम्ही गिरणीत पाळीवर काम करणारी माणसं, कॉलेजात शिकलेलो नाही. जे वाचलं आणि जे पाहिलं त्यावरून लिहितो.

बाबासाहेबांच्या घरातलं दुःख

बाबासाहेब हे भीमाबाई आणि सुभेदार रामजी यांचं चौदावं अपत्य. हे आपण जयंतीला मोठ्या अभिमानानं सांगतो. परंतु चौदा बाळंतपणं म्हणजे त्या माऊलीच्या देहाचं काय झालं असेल, हा विचार कितीजण करतात? भीमराव पाच-सहा वर्षांचे असतानाच ती माय गेली.

पुढे रमाईच्या वाट्याला काय आलं? पाच लेकरांपैकी एक यशवंतराव तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं लहानपणीच गेली. राजरत्नाचा मृत्यू १९२६ चा. गरिबी, अपुरं अन्न, औषधाला पैसा नाही आणि त्यात वारंवार बाळंतपण. २७ मे १९३५ रोजी रमाईही गेल्या. पुढे बाबासाहेबांच्या पक्षाकडून या विषयावर जे मांडलं गेलं, त्याच्या मागे केवळ पुस्तकं नव्हती, हे दुःखही होतं, असं आम्हाला वाटतं.

गिरणीतल्या बाळंतिणीचा प्रश्न

त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत आणि आपल्या नागपूरच्या एम्प्रेस, मॉडेल या गिरण्यांत हजारो बाया कामाला होत्या. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या भोंग्यावर नागपूरच्या कितीतरी वस्त्या उठत होत्या. अशा गिरणीतली बाई दिवस भरेपर्यंत उभ्यानं काम करायची आणि बाळंत झाल्यावर लवकरात लवकर खात्यात परत यायची. न यावं तर मजुरी बुडाली, आणि मजुरी बुडाली तर चूल बंद.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं. मालकवर्गाचं रडगाणं असं, की पैसे द्यावे लागले तर आम्ही बायांना कामावरच ठेवणार नाही. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी या विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं असं होतं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. म्हणून त्याचा बोजा सरकारनं उचलावा, परंतु बाईच्या मेहनतीचा नफा जो मालक घेतो त्यानंही आपला वाटा द्यावा. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. पाठोपाठ १९३० मध्ये आपल्या मध्यप्रांतातही असा कायदा झाला.

यातला मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. मूल जन्माला येणं ही बाईची खाजगी अडचण नाही. ते समाजाचं काम आहे आणि ते काम एकटी बाई करते. तेव्हा त्याची किंमत एकट्या बाईनं भरायची नाही. न्यायाची पहिली पायरी ही.

रघुनाथराव कर्वे आणि बाबासाहेब

दुसरी पायरी म्हणजे मूल हवं की नको हे ठरवण्याचा अधिकार. या कामात महाराष्ट्रात सगळ्यात पुढे होते रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२३ मध्ये 'संततिनियमन' हे पुस्तक लिहिलं. या प्रचारापायी त्यांची कॉलेजातली प्राध्यापकाची नोकरी गेली. तरी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी संसाराचा भार उचलून त्यांना साथ दिली. आणि एक गोष्ट आपल्या पुरुष बांधवांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. या नवरा-बायकोनं मूल नको असं ठरवलं, तेव्हा ऑपरेशन कर्व्यांनी स्वतःचं करून घेतलं. बायकोला टेबलावर पाठवलं नाही.

समाजस्वास्थ्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिलेले बॅरिस्टर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु ज्या विषयाचं नाव घ्यायला मोठमोठे पुढारी लाजत होते, त्या विषयासाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले. ही गोष्ट साधी नाही.

वर्ध्याची भेट

याच सुमारास, डिसेंबर १९३५ मध्ये, अमेरिकेच्या मार्गारेट सँगर या बाई वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. सँगर यांनी आपल्या देशात संततिनियमनासाठी तुरुंगवास भोगला होता. बाईला साधनं मिळाली पाहिजेत, म्हणजे ती आपल्या देहाची मालकीण होईल, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींचं म्हणणं, साधनं नकोत, संयम पाळावा. बायकोनं नवऱ्याला नाही म्हणायला शिकावं.

बायकोला नाही म्हणता आलं पाहिजे, हे खरंच आहे. परंतु ज्या घरात नवऱ्याचा शब्द हाच कायदा, आणि नाही म्हटलं तर मार, तिथं नुसत्या उपदेशानं बाईचं रक्षण कसं होणार? वर्धा आपल्यापासून काही फार लांब नाही. हा वाद आपल्या दारात झाला. त्याचं आपल्या चळवळीनं दिलेलं उत्तर तीन वर्षांनी आलं.

१० नोव्हेंबर १९३८

७ नोव्हेंबर १९३८ ही तारीख आम्हा कामगारांना माहीत असते. औद्योगिक कलहाच्या काळ्या बिलाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षानं आणि कम्युनिस्टांनी मुंबईत एक दिवसाचा प्रचंड संप केला, बाबासाहेब स्वतः कामगारांत फिरले. पण त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी काय झालं, ते विचारा. कोणी सांगत नाही.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात हजर राहू शकले नव्हते. रोहम यांनी त्यांच्या वतीनं ठराव मांडून भाषण केलं आणि ते भाषण आज बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या सरकारी खंडात छापलेलं आहे. ठरावाची मागणी दोन कलमांची होती. सरकारनं जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा, आणि त्यासाठी पुरेशी सोय लोकांना करून द्यावी.

भाषणात गरिबीचा मुद्दा होता, लेकरांच्या आरोग्याचा होता. परंतु सगळ्यात धारदार मुद्दा बाईचा होता. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर जन्मात एकापेक्षा दुसरं मूल व्हायला एकही पुरुष तयार झाला नसता, असं त्या सभागृहात पुरुषांच्या तोंडावर सांगितलं गेलं. आणि पुढे असं, की कोणत्याही कारणानं बाईला मूल नको असेल तर ते टाळणं तिच्या हातात असलं पाहिजे. मूल होणं हे सर्वस्वी तिच्या मर्जीवर राहिलं पाहिजे.

'कोणत्याही कारणानं' या शब्दांवर थोडं थांबा. नवऱ्यानं परवानगी दिली तर, सासूनं हो म्हटलं तर, पहिला मुलगा झाला असेल तर, अशी एकही अट त्यात नाही.

ठराव पडला. बाजूनं ११ आणि विरुद्ध ५२ मतं! ज्यांनी पाडला ते काही सगळे अडाणी नव्हते, शिकलेले लोक होते. धर्म बुडेल, नीती बिघडेल ही भीती त्या काळी सर्वत्र होती. १९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. म्हणजे जे चौदा वर्षं आधी आपल्या पक्षानं मागितलं होतं, त्याच वाटेवर देशाला यावं लागलं.

नागपूरच्या बायांची परिषद

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. वीस-पंचवीस हजार बाया आल्या होत्या, असं सांगतात. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. संततिनियमनाचा उघड पुरस्कार करणाऱ्या त्या आपल्या समाजातल्या पहिल्या बायांपैकी एक. हजारो बायांच्या सभेत, १९४२ साली, एका दलित बाईनं या विषयावर बोलायचं, याला केवढी छाती लागली असेल!

त्या परिषदेचे ठराव वाचले तर आजही मान ताठ होते. बाईला घटस्फोटाचा हक्क मिळावा. एका पुरुषानं अनेक बायका करणं कायद्यानं बंद व्हावं. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे येथे काम करणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची हक्काची रजा मिळावी, अपघाताची भरपाई मिळावी, २० वर्षं नोकरी झाल्यावर महिना १५ रुपये तरी पेन्शन मिळावी. हे मागणाऱ्या आपल्याच आज्या-पणज्या होत्या.

बाबासाहेबांनी तिथं भाषण केलं. लग्नाची घाई करू नका, फार मुलं होऊ देणं हा गुन्हा आहे, आपल्यापेक्षा आपल्या लेकराची सुरुवात चांगली झाली पाहिजे, आणि लग्नानंतर नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीनं उभ्या राहा, दासी होऊ नका, असा त्या भाषणाचा आशय.

त्याच जुलै महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ मध्ये त्यांनी खाणीत काम करणाऱ्या बायांच्या प्रसूतिभत्त्याच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. आपला सावनेर तालुका म्हणजे खाणींचा तालुका. खाप्याकडे गुमगावची मॅंगनीजची खाण, इकडे सिल्लेवाडा, वलनी, सावनेरच्या कोळशाच्या खाणी. खाणीवर टोपलं उचलणाऱ्या बाईचं पोट दिल्लीत बसून ज्यानं आठवणीत ठेवलं, तो मंत्री आपला होता.

अर्धा विचार घेतला, अर्धा सोडला

मग पुढे काय झालं? आपल्या समाजानं लहान कुटुंबाचा विचार उचलला. ज्या घरात पूर्वी सात-आठ लेकरं असत, तिथं आज दोन दिसतात, पोरी शिकतात. ही मोठी प्रगती आहे. पण १९३८ च्या भाषणातला गाभा, म्हणजे बाईची मर्जी, तो कुठे गेला?

१९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त ऑपरेशनं झाली आणि त्यातली बहुतेक पुरुषांची होती. महाराष्ट्र विधिमंडळानं तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. सक्ती ही बाईवर असो की पुरुषावर, तो अन्यायच. परंतु त्या धसक्यानं पुरुष जो मागे हटला तो हटलाच. सगळा भार बाईवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर विवाहित बायांमागे जवळजवळ ३८ बायांचं ऑपरेशन झालेलं आहे. नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं आहे अशा किती? हजारात तीन!

डॉक्टर लोक सांगतात की पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं आहे. पोट उघडावं लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. थोडे दिवस जड काम करायचं नाही, आणि पहिले तीन महिने दुसरं साधन वापरून मग तपासणी करायची, एवढंच पथ्य. पुरुषपणात काही फरक पडत नाही. तरी आमच्या खात्यात जेवणाच्या सुट्टीत विषय काढला की एकच उत्तर, "बाप्या माणसाले ओझं उचला लागते, त्यानं कायले ऑपरेशन करावं?" मग बाई ओझं उचलत नाही काय? जिनिंगमध्ये, संत्र्याच्या बागेत, कापसाच्या वावरात ओझं कोण उचलतं? शिवाय नऊ महिन्यांचं ओझं तिनं आधीच उचललेलं असतं.

कायदा काय म्हणतो

गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला. त्याच्या आधी सरकारनं जी समिती नेमली होती, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा होते. कायद्याच्या मर्यादेत राहून गर्भपात करायचा असेल तर सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तरी पुष्कळ दवाखान्यांत आधी विचारतात, "मालक कुठं आहेत?" मालक! २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याखाली विवाहित आणि अविवाहित बाईत भेद करता येत नाही असा निकाल दिला. म्हणजे १९३८ चा विचार हळूहळू कायद्याच्या पुस्तकात येत आहे. घरात कधी येणार?

मर्जीच्या नावाखाली मुलीचा गर्भ पाडणं मात्र बाईची मर्जी नव्हे, ती बहुधा सासरची मर्जी असते. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. गर्भलिंग तपासणीवर महाराष्ट्रानं १९८८ मध्येच कायदा केला होता, देशाचा कायदा १९९४ चा आहे. आणि आपल्याला तर अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितलेलं आहे. मल्लिका राणीला मुलगी झाली म्हणून कोसलचा राजा प्रसेनजित खिन्न झाला, तेव्हा मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते असं तथागतांनी त्याला समजावलं. जो बौद्ध म्हणवतो, त्याच्या घरात मुलगी झाली म्हणून तोंड उतरता कामा नये.

लेकरावरच्या हक्काचंही तसंच. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात, जो आपल्या बौद्धांनाही लागू आहे, बाप आधी आणि त्याच्यानंतर आई असं लिहिलेलं आहे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाप हयात असतानाही, तो लक्ष देत नसेल किंवा जवळ नसेल, तर आई पालक होऊ शकते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर मुलाच्या नावानंतर आईचं नाव लिहायचं, असं महाराष्ट्र सरकारनं ठरवलं. नऊ महिने वाहणाऱ्या बाईचं नाव कागदावर यायला इतकी वर्षं लागली!

पुरुषाला मत नाही काय?

कोणी विचारील, मग नवऱ्याला काहीच मत नाही काय? आहे. मूल दोघांचं आहे. परंतु पोट दोघांचं नाही. म्हणून नवऱ्यानं सांगावं, समजवावं, ऐकावं. सक्ती करू नये. त्याला स्वतःला मूल नको असेल तर त्यानं स्वतः साधन वापरावं, स्वतः ऑपरेशन करावं. तो त्याच्या देहाचा मालक आहेच. आणि एकदा मूल झालं की दोघंही सारखेच जबाबदार. मूल होत नसेल तर आधी बाईला बोल लावायचा, दुसरी बायको करण्याची भाषा करायची, हेही बंद झालं पाहिजे. दोष नवऱ्यातही असू शकतो आणि त्याची तपासणी सोपी आहे. ती आधी करावी.

बाळंतपणाची रजा २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. आम्हा गिरणी-कारखान्यातल्या बाप्यांना ती मागितली तर सुपरवायझर हसतात. युनियननं ही मागणी बोनसच्या मागणीइतकीच जोरानं लावून धरावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि रजा नसली तरी पाळी सुटल्यावर लेकराला मांडीवर घ्यायला, लंगोट धुवायला, बाळंतिणीला गरम पाणी काढून द्यायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची?

विहाराच्या कार्यकारिणीला आमची नम्र सूचना आहे. दर वर्षी १० नोव्हेंबरला विहारात १९३८ चं ते भाषण मोठ्यानं वाचावं. त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावं आणि पुढच्या रांगेत पुरुषांना बसवावं. बौद्ध पद्धतीनं मंगल परिणय होतो, तेव्हा वधू-वरांना दोन शब्द सांगणाऱ्यानं हाही विषय सांगावा. अवघी ११ मतं मिळून हरलेला तो ठराव विधानसभेत परत आला नाही तरी चालेल. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरात तो बहुमतानं पास झाला पाहिजे, आणि त्यात पहिलं मत घरच्या बाईचं असलं पाहिजे.

नमो बुद्धाय! जयभीम!